भटारखान्याचा हिशेब धुरापासून

हॉटेल काढायला निघालेल्या माणसाच्या वहीत पहिल्या पानावर भट्ट्या, डोशाचा तवा, तंदूर, उभा फ्रीज असं सगळं चकचकीत सामान असतं. एक्झॉस्टचं नाव येतं शेवटच्या पानावर, आणि तोवर पैसे संपत आलेले असतात. माझं ठाम मत आहे की हा हिशेब उलटा मांडावा. धूर कुठून जाणार ते आधी ठरवावं, भट्ट्या किती ते मग.

मी कुठेही जेवायला गेलो की भटारखान्यात डोकावतो आणि पहिल्यांदा वर बघतो. सदाशिव पेठेतल्या एका खाणावळीत हूड देखणा होता, पण त्यातून निघालेली नळी जेमतेम आठ इंची! आत वस्ताद घामाने निथळत होता आणि बाहेर जेवणाऱ्यांच्या नाकात फोडणीची मिरची जात होती.

गणित अवघड नाही. भट्ट्यांची रांग ९ फूट लांब, ३ फूट रुंद असेल तर हूड चहूबाजूंनी अर्धा फूट पुढे हवा. म्हणजे १० बाय ४, चाळीस चौरस फूट. दर चौरस फुटाला मिनिटाला १०० घनफूट हवा धरा. झाले ४,००० सीएफएम. ही हवा मिनिटाला १,६०० फूट वेगाने न्यायची तर नळीचं तोंड अडीच चौरस फूट लागतं, १९ बाय १९ इंच. एवढी नळी मागच्या भिंतीवरून गच्चीपर्यंत न्यायला सोसायटी तयार नसेल तर जागा कितीही मोक्याची असो, आगाऊ रक्कम देऊ नये.

पंखा गच्चीवरच बसवावा. मग सगळी नळी ओढीखाली राहते आणि एखादा सांधा उसवला तरी धूर इमारतीत शिरत नाही. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य वाटतं. वेग २० टक्के उतरवला की वीज जवळजवळ निम्म्यावर येते! म्हणून वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हचे पैसे सुरुवातीलाच धरावेत. दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर तो आपली किंमत वसूल करू लागतो.

आणि बाहेर गेलेली हवा भरून कोण काढणार? तिच्या ८० ते ९० टक्के ताजी हवा दुसऱ्या पंख्याने आत सोडावी लागते. नाहीतर एक्झॉस्ट हॉलमधली एसीची गार हवा ओढून घेतो आणि मालक वीजबिल बघून एसीवाल्याला बोलावतो. उरलेली थोडी हवा मात्र हॉलमधूनच यावी, म्हणजे वास आतच राहतो. ताटं द्यायच्या खिडकीत कागदी रुमाल धरून बघा. तो भटारखान्याकडे झुकला पाहिजे.

बाकीचं थोडक्यात. अन्न परवाना, अग्निशमनाचा दाखला, १९ किलोच्या सिलिंडरांची गॅस बँक, मोरीकडे उतार दिलेली फरशी, ग्रीस ट्रॅप, जीएसटी. सिंक ३०४ स्टीलचं घ्यावं, कोरड्या मांडणीला २०२ चालतं. लोहचुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही.

शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या ७३ तबकड्या बसल्या. त्या बघाव्यातच. वाफेवर भात-डाळ शिजते तिथे हूडखाली ज्वाळा नसते, तेलाची धूळ नसते, आणि हवेचा खर्चही हलका होतो. म्हणजे काय शिजवणार यावर नळी ठरते. कोळशाच्या तंदूरला तर स्वतंत्र नळीच द्यावी, कारण ठिणगी तेलकट नळीत गेली की आग लागते.

साफसफाईची झाकणं प्रत्येक वळणावर हवीत, आणि ती कोटेशनमध्ये वेगळी ओळ म्हणून लिहून घ्यावीत. अमेरिकेतल्या एनएफपीए ९६ या नियमावलीत लाकूड-कोळशाच्या भट्टीची नळी दर महिन्याला तपासायला सांगितली आहे, चोवीस तास चालणाऱ्या स्वयंपाकघराची दर तीन महिन्यांनी. झाकणच नसेल तर माणूस आत हात घालणार कुठून?