बिस्किटाच्या डब्यातली होडी

जुलैच्या मध्यावर हर्णैच्या बंदरात एकही बोट नसते. समोर सुवर्णदुर्ग, मध्ये उसळणारं गढूळ पाणी, बस्स. बोटी सगळ्या आंजर्ल्याच्या खाडीत, ताडपत्र्या आणि झापं पांघरून, एकमेकींना दोरांनी बांधलेल्या. हर्णैला पावसाळी वाऱ्यापासून आडोसा नाही, म्हणून मे सरता सरता त्या इकडे येतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बाहेरच्यांना वाटतं, कोळ्याला सुट्टी. पाजपंढरीला बाबांच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरी त्या सुट्टीतले चार दिवस मी काढले. त्यातले तीन कागदांत गेले.

काका बोटीचे मालक, पण फाईल काकींच्या ताब्यात. फाईल म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा. त्यात दोन डांबरगोळ्या, आणि प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. काकींनी सगळं पलंगावर मांडलं: नोंदणीचा दाखला, मासेमारीचा परवाना, विम्याची पॉलिसी, सोसायटीचा दाखला, डिझेलच्या पावत्या, इंजिनाचं बिल, खलाशांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स. "ही आपली होडी," त्या म्हणाल्या. "खाडीत आहे ती नुसती लाकडं."

नोंदणी आणि परवाना एकच, असा माझा समज होता. तसं नाही. नोंदणी सांगते की होडी कोणाची, किती लांब-रुंद, इंजिन कुठलं. परवाना सांगतो की या होडीनं कुठलं जाळं टाकायचं. परवान्यामागे महाराष्ट्राचा १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, आणि त्याची सत्ता किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत. जाळं बदललं की जुना परवाना बिनकामाचा. अर्ज आता 'रिअलक्राफ्ट' या सरकारी पोर्टलवर भरायचे, म्हणजे व्यवहारात दापोलीला जाऊन कॉम्प्युटरवाल्या पोरासमोर बसायचं आणि ओटीपी कोणाच्या फोनवर गेला ते शोधायचं. आमचा गेला काकांच्या जुन्या नंबरावर. तो फोन दोन वर्षांपूर्वी समुद्रात पडला होता. त्यात अर्धा दिवस.

खरा घोळ दुसराच निघाला. काकांनी गेल्या हंगामात इंजिन बदललं, जुनं विकून दुसरं बसवलं. कागद मात्र बदलला नाही. दाखल्यावर जुना इंजिन नंबर, होडीत नवा. तपासणीत हे सापडलं असतं तर परवाना अडकला असताच. पण हंगामात बोट बुडाली असती, तर विमा कंपनीनं पहिला प्रश्न हाच विचारला असता. काका गप्प बसून होते. काकी गप्प बसल्या नाहीत. शेवटी बिलाची मूळ प्रत शोधून दुरुस्तीचा अर्ज आधी भरला आणि परवान्याचं नूतनीकरण त्यामागे लावलं.

हे सगळं लोक वेळेवर का करतात, याबद्दल मला भ्रम नाही. परवाना चालू नसेल तर डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मिळत नाही. सुरक्षेच्या धाकानं कोणी रांगेत उभं राहिलेलं मी पाहिलं नाही, परताव्याच्या ओढीनं सगळं गाव उभं असतं. त्यात वाईट काही नाही. कारण कुठलंही असो, कागद होतो.

तिसऱ्या दिवशी पाऊस जरा थांबला तशी आम्ही खाडीवर गेलो. झापं काढून दोघे जण तळ खरवडत होते. नाळेच्या दोन्ही बाजूंना रंगारी नंबर नव्यानं काढत होता: आयएनडी, एमएच, मग ४ म्हणजे रत्नागिरी जिल्हा, एमएम म्हणजे यांत्रिक बोट, आणि पुढे होडीचा स्वतःचा आकडा. अक्षर लांबून वाचता आलं पाहिजे. २००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून तिच्यातून आले. तेव्हापासून नंबर, होडीचा रंग, खलाशांची बायोमेट्रिक कार्डं या सगळ्याला धार आली. 'कुबेर'चा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, त्यांनी मारला, हे मात्र नंबर रंगवताना कोणाला आठवत नाही.

केबिनमधून काकांनी लाइफ जॅकेटं बाहेर काढली. दहापैकी तीन उंदरांनी कुरतडलेली, एकाचा पट्टा तुटका. उरलेली कोरी करकरीत, दुकानातल्या प्लास्टिकच्या वासासकट. म्हणजे वापरलीच नव्हती. "जाळं ओढताना अडकतं, गरम होतं," काका म्हणाले. मी वाद घातला नाही, पण पटलंही नाही. बोया, अग्निशामक, औषधांची पेटी, डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा, हे एकेक बघून झालं. व्हीएचएफ लावून १६ नंबरचा चॅनल ऐकला. नुसती खरखर, पण संच जिवंत. केबिनवर ट्रान्सपाँडर आहे. बोटींवर असे ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा देशभरातला प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ला आपल्याच पालघरला झाला. मोबाइलची रेंज गेल्यावरही उपग्रहामार्फत होडीचा ठावठिकाणा किनाऱ्यावर कळतो, बटण दाबलं की संकटाची सूचना जाते. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर काकींनी केबिनच्या दारावर ऑइलपेंटनं लिहून घेतला. कागदावर लिहिलेला पाण्यानं जातो, म्हणून.

होडी कुठे आहे हे आता उपग्रहाला कळतं. होडीवर कोण आहे, हे कळायला मात्र अजून एक साधा कागदच आहे: खलाशांची यादी. आणि सगळ्यात हलगर्जीपणा त्याच कागदाबाबत चालतो. मागल्या वर्षीची यादी, तीच झेरॉक्स, नावं तीच, माणसं वेगळी. ऐन वेळी कोणी आजारी पडतो, कोणी जास्त उचल देणाऱ्या दुसऱ्या मालकाकडे जातो, बदली माणूस धक्क्यावरूनच चढतो. काकांच्या होडीवर आठ जण: तांडेल गावातला, दोन गुहागरकडचे, दोन कर्नाटकातले, तीन नेपाळचे. नेपाळच्या पोरांकडे आधार नाही, नागरिकतेचा कागद आहे, आणि त्यावरचं नाव इथं हाक मारतात त्याहून वेगळं.

काकी या यादीवर अडून बसतात, त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्याच एका होडीवरून एक खलाशी रात्री पाण्यात पडला. सापडला नाही. यादीत त्याचं नाव नव्हतं. तो त्या रात्री होडीवर होता, हेच घरच्यांना आधी सिद्ध करावं लागलं. प्रेत नसेल तर कायदा माणूस मेला असं सात वर्षांनी धरून चालतो. मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूला पाच लाखांचा विमा आहे. पण बेपत्ता झालेला माणूस नेमका कोण, इथूनच सुरुवात असेल, तर ते पाच लाख फार लांब राहतात.

म्हणून काकींच्या यादीत एक रकाना जास्त आहे. सरकारी नमुन्यात तो होता की नाही, मी बघितलं नाही. त्यांनी पट्टीनं आखून घेतला होता. घरचा फोन. खलाशाचा स्वतःचा नव्हे, तो त्याच्याबरोबर बुडतो. आई, बायको, भाऊ, कोणाचाही. आणि त्या तो नंबर लावून बघतात. मी बसलो होतो तेव्हा सात लागले. सातवा फोन नेपाळातल्या कोणा म्हाताऱ्या बाईनं उचलला, दोघींना एकमेकींचं काही कळलं नाही, पण काकींनी पोराचं नाव तीनदा घेतलं, तिकडून तेच नाव परत आलं, आणि त्यांनी रकान्यापुढे बरोबरची खूण केली.

१ ऑगस्टला वाऱ्यामुळे होडी निघाली नाही. चार दिवसांनी निघाली. निघायच्या तासभर आधी कर्नाटकातला एक जण आलाच नाही, त्याच्या जागी दुसरा चढला. काकी डबा घेऊन धक्क्यावर गेल्या, ओळ खोडली, नवं नाव आणि त्याच्या बायकोचा नंबर लिहिला, मोबाइलवर फोटो काढून घेतला, आणि मग दोर सोडायला सांगितलं.