सर्वांनीं लिहावयाचा ज्ञानकोश

बल्लारपूर या गांवास दोन नांवें आहेत. गांवांतील पाट्यांवर बल्लारपूर आणि रेल्वेच्या फलाटावर बल्लारशाह. दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गावरील हें जंक्शन असल्यामुळें दूरदूरचे प्रवासी गाडीच्या खिडकींतून दुसरें नांव वाचतात, आणि पहिलें पुष्कळदां त्यांच्या कानींहि पडत नाहीं. गांव एक कीं दोन, त्याला हें नांव कोणावरून पडलें, असा प्रश्न एखाद्या चौकस प्रवाशाच्या मनांत आला, तर पूर्वीं त्यास घरीं पोहोंचल्यावर जाडजूड ग्रंथ धुंडाळावा लागे. आज तो मोबाइलवर बोट फिरवितो आणि विकिपीडियाचें पान उघडतो. तेथें त्यास जें वाचावयास मिळतें, तें कोणा नेमलेल्या पंडितमंडळानें लिहिलेलें नसतें. बल्लारपुरांतील एखाद्या गृहस्थानें किंवा गृहिणीनेंहि तें लिहिलेलें असूं शकतें. आणि बल्लारपुरांतून कोणीच पुढें झालें नाहीं, तर वर्धा नदीचें पात्र कधीं डोळ्यांनीं न पाहिलेल्या माणसानेंहि तें लिहिलेलें असूं शकतें.

ज्ञानकोश ही वस्तु मराठीस नवी नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड काढले; ते एकंदर २३ झाले. त्या उद्योगाचा आरंभ नागपुरास झाला आणि नंतर त्याचें बिऱ्हाड पुण्यास हाललें, ही गोष्ट वैदर्भीय वाचकानें विसरूं नये. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं वाई येथें मराठी विश्वकोशाचें काम झालें. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. या दोन्ही कोशांत लिहिणारे निवडलेले होते, त्यांचें लिखाण तपासणारे त्याहून अधिक काळजीनें निवडलेले होते, आणि वाचक हा केवळ वाचक होता. अशा ग्रंथाचा अधिकार मोठा. परंतु छापलेल्या पानावर चूक राहिली तर ती पुढील आवृत्तीची वाट पाहत राहते, आणि पुढील आवृत्ति पुष्कळदां निघतच नाहीं.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजीं इंग्रजींत सुरू झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर हे त्याचे संस्थापक होत. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्र दिनींच झाला. ‘विकि’ हा शब्द हवाई बेटांच्या भाषेंतला असून त्याचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. वॉर्ड कनिंगहॅम नांवाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें १९९५ सालीं, कोणासहि बदलतां येतील अशा पानांना तो प्रथम लावला. नांवाचा उत्तरार्ध विद्यावाचक ग्रीक शब्दावरून आलेला आहे. मराठी कानास त्यांत जी पीडा ऐकूं येते, तिचा त्याच्याशीं संबंध नाहीं. हा सारा व्याप अमेरिकेंतील एक धर्मादाय संस्था सांभाळते. पानांवर जाहिराती नसतात. खर्च मुख्यत्वें वाचकांच्या देणग्यांवर चालतो, आणि लिहिणारांस मोबदला मिळत नाहीं.

आतां लिहावयाचें कसें? पानाच्या माथ्याशीं कांहीं शब्द असतात, आणि सारी विद्या त्यांतच सामावलेली आहे. ‘संपादन’ या शब्दावर बोट ठेवलें कीं समोरचा मजकूर लिहितां येण्याजोगा होतो. ‘इतिहास’ या शब्दामागें त्या पानाचा जन्मापासूनचा प्रत्येक बदल तारीखवार, वेळेनिशीं व लिहिणाराच्या नोंदीसह लावून ठेवलेला असतो. ‘चर्चा’ या शब्दामागें त्या लेखाविषयींचा वादविवाद चालतो. लिहिणारानें आधीं विनामूल्य खातें उघडून घ्यावें हें बरें. स्वतःचें खरें नांव देण्याची सक्ति नाहीं.

नवख्यासाठीं तेथें एक स्वतंत्र पान राखलेलें आहे आणि त्याचें नांव आहे ‘धूळपाटी’. हें नांव ज्यानें सुचविलें त्याच्या रसिकतेस दाद दिली पाहिजे. कागद महाग होता त्या काळीं पंतोजींच्या शाळेंत पोरें लाकडी पाटीवर धूळ पसरून तींत बोटानें अथवा काडीनें अक्षरें गिरवीत. चुकलें कीं हात फिरवावयाचा, कोरी पाटी तयार. विकिपीडियावरील धूळपाटीचा उपयोग नेमका तोच. शब्द ठळक कसा करावा, दोन दोन चौकोनी कंसांत शब्द घातला कीं त्याच नांवाच्या दुसऱ्या लेखाकडे जाणारा दुवा कसा तयार होतो, हें सारें तेथें निर्धास्तपणें करून पाहावें. देवनागरी टंकलेखनाची भीति आतां उरलेली नाहीं; मोबाइलवरील कळफलक मराठी लिहितो, आणि कित्येक मोबाइल तर बोललेलेंहि उतरवून घेतात, मग तें तपासून मात्र घ्यावें लागतें. लिहून झाल्यावर आधीं ‘झलक’ पाहावी, काय बदललें तें एका ओळींत ‘सारांश’ म्हणून नोंदवावें आणि मग बदल प्रकाशित करावा.

येथें बहुतेक सुशिक्षित मनुष्य थबकतो. कोणीहि येऊन कांहींहि लिहावें, तर अशा कोशाचा भरंवसा काय? शंका रास्त आहे. तिचें उत्तर ‘इतिहास’ या शब्दांत आहे. कोणी व्रात्य माणसानें लेख पुसून टाकला किंवा त्यांत अपशब्द घातले, तर आधींचें पान तेथें जसेंच्या तसें असतें आणि तें पूर्ववत् करण्यास क्षणभर पुरतो. नासधूस करणारास अडविण्याचा अधिकार ‘प्रचालक’ नांवाच्या निवडलेल्या सदस्यांस असतो. असें असूनहि चुका राहतात, कित्येकदां पुष्कळ काळ राहतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ज्या लेखाकडे फारसें कोणी फिरकत नाहीं, त्यांतील चूक कोण पाहणार? म्हणूनच लहान गांवांविषयींच्या लेखांना गांवकऱ्याच्या नजरेची गरज अधिक.

परंतु या कोशाचा खरा कणा निराळाच आहे. लिहिणारास किती ठाऊक आहे याला येथें मोल नाहीं. त्यानें तें कोठें वाचलें, एवढेंच विचारलें जातें. हा नियम ऐकण्यास सोपा, पण पाळूं जातां मानी माणसास बोंचतो. बल्लारपूरचेंच उदाहरण घ्या. गोंड राजांची येथें राजधानी होती, वर्धेच्या कांठीं त्यांचा किल्ला अद्याप उभा आहे. खांडक्या बल्लाळशाह राजाची कथा या भागांत पुष्कळांना ठाऊक असते: राजाच्या सर्वांगास खांडकें झालेलीं, शिकारीस गेला असतां तहानेनें व्याकुळ होऊन तो झरपट नदीच्या पात्रांतील एका खळग्याचें पाणी प्याला आणि त्याची व्याधि गेली, पुढें एक ससा कुत्र्याचा पाठलाग करतांना दिसला आणि शहाण्या राणीच्या सल्ल्यानें त्या भूमीवर चांदा नगरी वसली. आजीनें सांगितलेली ही कथा कोणी जशीच्या तशी लेखांत उतरविली, तर वाक्याच्या शेंपटीस दुसरा कोणी तरी ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी लावून जाईल. येथें रागावूं नये. जिल्ह्याचें गॅझेटियर इंग्रजी अमदानींत १९०९ सालीं निघालें, त्यानंतर मराठींतहि गोंड राजांविषयीं पुस्तकें झालीं; तीं ग्रंथालयांत काढून पाहावींत, आणि कथा ज्या पानावर सांपडेल त्या पानाचा आंकडा द्यावा. तरीहि वाक्य ‘राजाची व्याधि बरी झाली’ असें होत नाहीं. ‘अशी आख्यायिका आहे’ असेंच होतें. राजांच्या कालनिर्णयाविषयीं ग्रंथांचें एकमत नाहीं. अशा वेळीं कोणतें साल खरें याचा निवाडा कोशलेखकानें करावयाचा नसतो. अमक्या ग्रंथाप्रमाणें हें, तमक्याप्रमाणें तें, असें सांगून बाजूस व्हावयाचें असतें. वर्तमानपत्री अग्रलेख लिहिण्याची ज्यांना संवय आहे त्यांना हें बाजूस होणें सर्वांत जड जातें.

छापील पुरावा मिळाला म्हणजे काम संपलें असेंहि नव्हे. मार्कंडा येथील वैनगंगेकांठच्या प्रसिद्ध देवळांचेंच पाहा. १९०९ चें गॅझेटियर तीं चांदा जिल्ह्यांत सांगेल, आणि १९८२ पूर्वींचें कोणतेंहि मराठी पुस्तक तीं चंद्रपूर जिल्ह्यांत सांगेल. दोन्ही त्या त्या काळीं खरीं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला आणि मार्कंडा त्यांत गेलें. जुन्या ग्रंथावरून डोळे झांकून उतरवून घेणारा येथें पुराव्यानिशीं चूक करतो! गांवच्या कागद-कारखान्याचेंहि तसेंच. ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ या नांवानें १९४५ सालीं नोंदलेल्या कंपनीचें नांव १९७५ सालीं ‘बल्लारपूर इंडस्ट्रीज’ झालें. तेव्हां वाक्य कोणत्या सालाविषयीं आहे हें सांगितल्यावांचून तें पुरें होत नाहीं. ‘सध्यां’, ‘नुकतेंच’, ‘हल्लीं’ हे शब्द कोशांत विषासारखे टाळावेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणें गांवाची वस्ती सुमारें ८९ हजार होती, असें लिहिलें तर तें वाक्य पन्नास वर्षांनींहि खोटें ठरणार नाहीं.

जुन्यानव्या नांवांची अडचण मात्र या कोशानें मोठ्या युक्तीनें सोडविली आहे. ‘चांदा’ या नांवाचें एक रिकामें पान करून त्यावरून वाचकास आपोआप ‘चंद्रपूर’ या लेखाकडे धाडतां येतें. यास पुनर्निर्देशन म्हणतात. छापील कोशांत ‘चंद्रपूर पाहा’ असें लिहून वाचकास दुसरा खंड उघडावयास लावीत, त्याचेंच हें सुधारलेलें रूप.

एवढ्यावर विषय सुटला असता, तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत तो फार सोपा म्हणावा लागता. तसा तो नाहीं. या दोन जिल्ह्यांतील मोलाचें पुष्कळसें ज्ञान अद्याप कागदावर आलेलेंच नाहीं. कोणत्या झाडाची साल कोणत्या महिन्यांत काढावी, गांवच्या बोडीचें पाणी कोणत्या क्रमानें वांटावें, गोंडी व माडिया बोलणाऱ्या वाडीचें मूळ नांव काय आणि सरकारी दप्तरांत तें कसें बिघडलें, झाडीपट्टींतील अमुक दंडार प्रथम कोणी उभी केली, हें जाणणारीं माणसें आहेत; पुस्तकें नाहींत. आणि नियम तर सांगतो कीं छापलेलें दाखवा. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवाविषयीं लेख लिहावयास बसलें तर पुरावा पुरून उरतो. कारण वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं त्यास सामूहिक वनहक्क प्रथम मिळाले, आणि त्यावर वर्तमानपत्रांनीं व अभ्यासकांनीं विपुल लिहिलें. त्याच्याच आसपासच्या वाड्यांविषयीं चार ओळींचाहि आधार मिळणें कठीण. ज्याविषयीं लिहिलें गेलें त्याविषयींच आणखी लिहितां येतें, असा हा तिढा आहे.

कोणी म्हणतील, मग नियमच सैल करावा. तें घातक होईल. आजीच्या सांगण्यास पुरावा मानलें, तर औषध विकणाऱ्या वैदूच्या सांगण्यासहि मानावें लागेल, आणि रानांतली साल उकळून पिणारास त्याचें प्रायश्चित्त मिळेल. खरी उणीव कोशाची नव्हे, छापखान्याची आहे. म्हाताऱ्या माणसाचें बोलणें आधीं कोणी तरी नांवानिशीं, तारखेनिशीं टिपून, ज्यावर संपादकाची नजर फिरते अशा ठिकाणीं छापलें पाहिजे: जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत, एखाद्या नियतकालिकांत, विद्यापीठाच्या प्रबंधांत. २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ निघालें आहे. तेथील विद्यार्थ्यांना असे विषय घराच्या उंबरठ्यावर मिळतील. कोशांतील लेख ही त्यानंतरची पायरी. आणि येथें विलंबास फार जागा नाहीं. ज्यांच्या जवळ हें ज्ञान आहे तीं माणसें थकत चाललीं आहेत.

आणखी दोन गोष्टी नवख्यानें ध्यानांत ठेवाव्यात. पहिली, दुसऱ्याचा मजकूर उतरवूं नये. हिंदुस्थानच्या कायद्यानें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें त्याचा हक्क राहतो. केतकर १९३७ सालीं वारले, त्यामुळें त्यांचें लिखाण आतां मोकळें आहे; कालच्या वर्तमानपत्रांतील बातमी मोकळी नाहीं. तिच्यांतील माहिती घ्यावी, वाक्यें स्वतःचीं लिहावींत. दुसरी, स्वतःच्या वडिलांवर, स्वतःच्या दुकानावर, स्वतः चालवीत असलेल्या शाळेवर लेख लिहिण्याचा मोह आवरावा. असे लेख काढून टाकले जातात आणि लिहिणारास अपमान झाल्यासारखें वाटतें. ज्या विषयावर तिऱ्हाइतांनीं स्वतंत्रपणें लिहिलें आहे, तोच ‘उल्लेखनीय’ मानला जातो.

आरंभ नव्या लेखानें करूं नये हें उत्तम. तयार असलेल्या लेखांत ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी लागलेलें एखादें वाक्य शोधावें आणि ग्रंथालयांतील पुस्तक पाहून त्यास आधार जोडावा. त्यानंतर एखादी चुकलेली तारीख सुधारावी. मग किल्ल्याचें स्वतः काढलेलें एखादें छायाचित्र सर्वांना वापरतां येईल अशा अटीवर द्यावें. कोठें अडलें तर ‘चावडी’ या नांवाचें पान आहे. तेथें जुने सदस्य प्रश्नांस उत्तरें देतात. उत्तर त्याच दिवशीं येईल असें नाहीं, कारण तेथें पगारी कारकून बसलेला नसतो. प्रश्न लिहून झाल्यावर शेवटीं नागमोडी रेघेचें चिन्ह चार वेळां उमटवावें. त्याजागीं लिहिणाराचें सदस्यनांव, वेळ आणि तारीख आपोआप पडते.