बेरजेतला शेवटचा अंक किती खरा?

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटल्यामुळे लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. समजा, या २५ लाख लिटरमध्ये कुणी १५ लिटरची एक घागर ओतली. एकूण पाणी किती झाले?

वर्गात बहुतेक मुले २५,००,०१५ लिटर असे सांगतील. अंकगणित म्हणून ते बरोबर आहे, मोजमाप म्हणून मात्र नाही. मुळात २५ लाख हा आकडाच 'सुमारे' आहे, त्यात काही हजार लिटर इकडेतिकडे असू शकतात. म्हणून एकूण पाणी सुमारे २५ लाख लिटरच. वाघिणींची संख्या ५० ही मात्र मोजून घेतलेली, म्हणून ती अचूक आहे.

अंक किती, की स्थान कोणते?

प्रयोगशाळेतही हेच घडते. तीन वेगवेगळ्या तराजूंवर तोललेले पदार्थ एकत्र केले, असे समजू. जो अंक मोजलेलाच नाही तिथे प्रश्नचिन्ह लिहू:

१२.१?? ग्रॅम
०.३५४ ग्रॅम
१.०७? ग्रॅम

साधी बेरीज १३.५२४ येते. पण दशांशानंतरच्या दुसऱ्या स्थानाची बेरीज पाहा: प्रश्नचिन्ह अधिक ५ अधिक ७. हे उत्तर कुणालाच माहीत नाही. म्हणून उत्तर पहिल्या दशांश स्थळापर्यंतच द्यायचे: १३.५ ग्रॅम.

तिन्ही वजनांत सार्थ अंक तीन-तीनच आहेत, तरी त्यांची अचूकता सारखी नाही. गुणाकार-भागाकारात सार्थ अंकांची संख्या पाहतात. बेरीज-वजाबाकीत दशांश स्थळ पाहायचे असते. विद्यार्थी हे दोन नियम एकमेकांत मिसळतात. ९.८ आणि ४.६ यांची बेरीज १४.४ येते. दोन-दोन सार्थ अंकांतून तीन अंक मिळाले आणि तेही योग्यच आहे.

रेणुवस्तुमान काढतानाही हाच नियम लागतो. सल्फ्युरिक आम्लासाठी हायड्रोजनचे २.०१६, सल्फरचे ३२.०६ आणि ऑक्सिजनचे ६३.९९६ मिळवले की ९८.०७२ येते, लिहायचे ९८.०७. सल्फरचे अणुवस्तुमान दोनच दशांश स्थळांपर्यंत देण्याचे कारणही आहे. निसर्गात ठिकाणानुसार सल्फरच्या समस्थानिकांचे प्रमाण थोडे बदलते.

वजाबाकीत अंक हरवतात

या नियमाचा खरा कस वजाबाकीत लागतो. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजायचे आहेत. बोअरचे १०० मि.ली. पाणी तोललेल्या बशीत आटवून, सुकवून, बशी पुन्हा तोलली. दोन दशांश स्थळांच्या तराजूवर अशी वाचने मिळाली, असे धरू:

क्षारांसह बशी ५२.३९ ग्रॅम
रिकामी बशी ५२.३४ ग्रॅम
क्षार ०.०५ ग्रॅम

दोन्ही वाचनांत चार-चार सार्थ अंक होते, उत्तरात एकच उरला. लिटरला हे प्रमाण ५०० मि.ग्रॅ. होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्षारांची स्वीकार्य मर्यादा नेमकी लिटरला ५०० मि.ग्रॅ. आहे, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालते. पण ०.०१ ग्रॅमच्या फरकाने उत्तर १०० मि.ग्रॅ.ने बदलते. म्हणजे खरे प्रमाण ४०० असेल किंवा ६०० असेल. पाणी मर्यादेत आहे की नाही, हे या प्रयोगावरून सांगताच येत नाही. वहीत '५००.०' लिहिले तरी त्यात फरक पडत नाही.

तीन दशांश स्थळांच्या तराजूवर हीच वजने ५२.३९४ आणि ५२.३३८ आली, तर क्षार ०.०५६ ग्रॅम, म्हणजे लिटरला ५६० मि.ग्रॅ. होतात. दोन्ही वाचनांतल्या चुका विरुद्ध बाजूंना पडल्या तरी फरक २० मि.ग्रॅ.च्या आसपासच राहतो. आता मर्यादा ओलांडल्याचे ठामपणे म्हणता येते.

असा तराजू शाळेत नसेल तर? त्याच बशीत थोडे थोडे करून ५०० मि.ली. पाणी आटवावे. मग जुन्या तराजूवरच्या ०.०१ ग्रॅमचा अर्थ लिटरला फक्त २० मि.ग्रॅ. होतो. नांदेडला गोदावरीचे पाणी आणि बोअरचे पाणी यांची तुलनाही विद्यार्थ्यांना याच पद्धतीने करता येईल.

वर्गात काय करावे?

मधल्या पायरीवर आकडे तोडू नयेत. शेवटी एकदाच योग्य स्थानापर्यंत आणावेत. आधी वजाबाकी करून किती सार्थ अंक उरले ते पाहावे, मगच भागाकार करावा. कॅल्क्युलेटर आठ अंक दाखवतो, पण त्यांतले किती खरे हे तराजू आणि ब्युरेटच ठरवतात. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा: यातला शेवटचा अंक तुम्ही कशाने मोजलात?