तापली की बंद पडणारी कॅम्पर

फोक्सवॅगन टाइप २ ही गाडी १९५० साली आली. तिच्या जुन्या मॉडेलांत इंजिन मागे असतं आणि ते हवेने थंड होतं, रेडिएटर नाहीच. म्हणून अशा जुन्या कॅम्परमध्ये पहिला संशय हवेच्या वाटेवर घ्यावा. इंजिनाच्या कप्प्याभोवतीचं रबर कडक होऊन तुटलं, की खालची तापलेली हवा पंखा पुन्हा आत ओढतो. सकाळी सुरळीत धावणारी गाडी दुपारी चढावर मान टाकते.

अशा वेळी एकेक भाग बदलत सुटणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. गाडी बंद पडेल तिथेच, ती गरम असतानाच बघा: प्लगला ठिणगी येते का? कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचतं का? ठिणगी नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर तपासा. गार झाल्यावर हे दोन्ही पुन्हा शहाण्यासारखे वागतात, आणि गॅरेजात दोष सापडत नाही.

टॅपेटची फट इंजिन पूर्ण थंड असताना मोजायची. १६०० सीसी इंजिनात ती साधारण ०.१५ मिमी असते. टकटक थांबली म्हणून खूश होऊ नका. फट मिटली असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. जुन्या रचनेत ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेत आडवा येतो, त्यामुळे तिथला व्हॉल्व्ह आधी बघावा.

आणि पेट्रोलचे रबरी पाइप! बोटांत वाकवल्यावर भेगा दिसल्या, तर ते बदलल्याशिवाय किल्ली फिरवू नका. या इंजिनाच्या आवरणात मॅग्नेशियम असतं. ते पेटलं तर विझवणं फार कठीण.