तोंडच नाही, तर जेवणार काय?

गेल्या पावसाळ्यात वीकेंडला रत्नागिरीला मावशीकडे गेले होते. रात्री पडवीतल्या दिव्याखाली, भिंतीवर हे एवढं मोठ्ठं काहीतरी! पंखांच्या टोकांना चक्क सापाचं तोंड. मी किंचाळलेच. मावशी मात्र कूल. ‘अगो, पतंग तो. झाडू नको आणू.’

हा ॲटलास पतंग. पंख पसरले की जवळजवळ 25 सेंटीमीटर. गंमत म्हणजे याला खायला तोंडच नसतं! अळी असताना दालचिनीची, पेरूची पानं हादडायची, पानात रेशमी कोश विणायचा, साधारण महिन्याने बाहेर पडायचं आणि त्या शिदोरीवर आठवडा-दोन आठवडे काढायचे. तेवढ्यात नराने गंधावरून मादी शोधायची, मादीने अंडी घालायची. खेळ खल्लास.

म्हणजे सगळी मदार झाडावर. रत्नागिरीतलं बहुतेक जंगल खासगी. तोड झाली की पानांबरोबर कोशही जातात. वर दिव्यापाशी मोजक्या रात्री फुकट. 2015 मध्ये ब्लू मॉरमॉन राज्य फुलपाखरू झालं. पतंगाच्या नशिबी अजून झाडूच!

मावशीने दिवा मालवला. सकाळी भिंत रिकामी होती. कोकणात गेलात तर एवढं तुम्हीही करा.