घरातलं बाहेर कुणी सांगितलं?

समजा, तुम्ही फक्त आपल्या आईला फोनवर सांगितलेली एखादी गोष्ट चार दिवसांनी परक्याच्या तोंडून ऐकलीत. पहिला संशय कुणाचा येईल? आईचाच, नाही का? मग वहिनीचा, शेजारणीचा, कामाला येणाऱ्या बाईचा. कडी-कोयंडा तोडून आलेला चोर निदान कळतो तरी. पण जो चोर दिसतच नाही, त्याच्या चोरीचा आळ घरच्याच माणसांवर येतो.

इंग्लंडमध्ये नेमकं हेच झालं, आणि एकदोन नव्हे, अनेक घरांत झालं. तिथे फोन उचलला नाही, तर बोलणाऱ्याचा निरोप आवाजातच साठवून ठेवण्याची सोय असते. ते निरोप बाहेरूनही ऐकता येतात. फक्त चार आकडी गुप्त क्रमांक लागतो. कंपनीने दिलेला सोपा क्रमांक बरेच जण बदलतच नसत. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकाने पैसे देऊन ठेवलेला ग्लेन मल्केअर नावाचा खासगी हेर याच वाटेने लोकांचे निरोप ऐकत असे.

त्याला आणि त्या साप्ताहिकाच्या एका बातमीदाराला पोलिसांनी ऑगस्ट २००६ मध्ये पकडलं आणि जानेवारी २००७ मध्ये दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. मल्केअरच्या घरातून टिपणांची सुमारे ११,००० पानं मिळाली होती. कुणाचं नाव, कुणाचा नंबर, सगळं त्यांत होतं. पुढे नीट मोजदाद झाली, तेव्हा ३,८७० पूर्ण नावं निघाली! पण त्या वेळी पोलिसांनी कळवलं मोजक्याच लोकांना. बाकीची पानं पडून राहिली.

पोलिसांचं म्हणणं असं, की त्या काळात दहशतवादाचा तपास डोक्यावर होता, माणसं अपुरी होती. हे काही खोटं नव्हतं. पण तुमचं नाव या कागदांत आहे, जरा जपून राहा, एवढं कळवायला किती माणसं लागतात?

न कळवल्याने काय होतं, ते मेरी-एलन फील्ड या बाईंच्या हकिगतीवरून पाहा. प्रसिद्ध मॉडेल एल मॅकफर्सन हिचे व्यवहार त्या सांभाळत. एलच्या खासगी गोष्टी वर्तमानपत्रांत येऊ लागल्या, तेव्हा आळ या बाईंवर आला. दारूच्या व्यसनाचा ठपका ठेवून त्यांना उपचारांसाठी परदेशी पाठवण्यात आलं, आणि पुढे कामही गेलं. व्यसन नव्हतंच, असं त्यांनी २०११ साली लेव्हसन चौकशी आयोगापुढे सांगितलं. एलचे निरोप आपण चोरून ऐकले, हे मल्केअरने २००६ मध्येच न्यायालयात कबूल केलं होतं. तोवर बाईंची अब्रू आणि नोकरी दोन्ही गेली होती. अभिनेत्री सिएना मिलर हिनेही आयोगापुढे सांगितलं, की तिने आपल्याच घरच्या माणसांवर आणि मैत्रिणींवर आरोप केले होते. घरात फितूर नव्हतंच कुणी. पण हे तिला वेळेवर सांगणार कोण?

आता एका आईची गोष्ट. २००२ च्या मार्चमध्ये सरे परगण्यात मिली डाऊलर ही तेरा वर्षांची मुलगी शाळेतून घरी येताना नाहीशी झाली. आई तिच्या फोनवर पुन्हा पुन्हा निरोप ठेवी. निरोपांची पेटी भरली, आणि फोन लागेना. मग एक दिवस एकाएकी पेटीत जागा झाली. पोरीने निरोप ऐकले, पोर जिवंत आहे, या आशेने ती माउली हरखून गेली. मिलीचा खून झाला होता, हे सप्टेंबरमध्ये कळलं. त्या साप्ताहिकाची माणसं मिलीचे निरोप ऐकत होती. निरोप पुसले गेले ते बहुधा यंत्रानेच आपोआप, असं पोलिसांनी नंतर सांगितलं. पण साप्ताहिकाने ते ऐकल्याचं सरेच्या पोलिसांना एप्रिल २००२ मध्येच ठाऊक होतं. आईबापांना ते कळलं २०११ साली, नऊ वर्षांनी!

मुलीच्या वाटेने आईबाप एकदा गुपचूप चालत गेले, तर त्याचाही फोटो त्या साप्ताहिकात छापून आला. आपण इथे येणार, हे कुणी सांगितलं? तोच प्रश्न, आणि उत्तर नाही.

मिलीची हकिगत जुलै २०११ मध्ये उघड झाली आणि इंग्लंड संतापून उठलं. १६८ वर्षांचं ते साप्ताहिक त्याच महिन्यात बंद पडलं. लंडनच्या पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला. संगणकात शिरून ईमेल चोरल्याच्या तक्रारींसाठी वेगळं तपास पथक नेमण्यात आलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये लंडनच्या पोलिसांनी न्यायालयात मान्य केलं, की ज्यांचे निरोप चोरले गेले त्यांना सावध न करून आपण कायद्याने असलेलं कर्तव्य मोडलं. दाद मागणाऱ्यांत माजी उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट होते आणि लंडन पोलिसांतलेच एक माजी बडे अधिकारीही होते. एवढ्या मोठ्यांना न्यायालयात जावं लागलं, तिथे साध्या बाईचं काय?

म्हणून आपल्या घरापुरतं एवढं लक्षात ठेवा. फोनचे आणि ईमेलचे गुप्त क्रमांक बदलत राहा. मुलाची जन्मतारीख किंवा १२३४ नको. कुणी आत शिरल्याचा संशय आला, तर आधी तारीख, वेळ, काय दिसलं ते वहीत लिहा, मगच कुणावर बोट ठेवा. सायबर गुन्ह्याची तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे कारण चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला, ते ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. संकोच न करता विचारा. दुःखाच्या प्रसंगी बातमीदार दारात आला, तर बोलायलाच हवं असंही नाही. नम्रपणे ‘नाही’ म्हणून दार लावून घ्यावं.

आणि उद्या घरातली गोष्ट बाहेर फुटलीच, तर वहिनीकडे रागाने पाहण्याआधी एक श्वास घ्या, आणि आधी तो फोन तपासा.