लढाईतून उरलेला जिल्हा : तेरितुआर द बेल्फोर

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून एक चिमुकला जिल्हा आहे : तेरितुआर द बेल्फोर. क्षेत्रफळ ६०९ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून साधारण एवढेच भरतात. लोकसंख्या मात्र एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. युरोपातल्या फ्रान्समध्ये याहून लहान जिल्हे चारच : पॅरिस आणि त्याला खेटून असलेले तीन. १७९० साली क्रांतीनंतरच्या राज्यकर्त्यांनी जुने प्रांत मोडून देशाचे ८३ जिल्हे पाडले, तेव्हा हा जिल्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. तो पुढे एका पराभवातून जन्माला आला.

उत्तरेला व्होज पर्वत, दक्षिणेला ज्युराच्या रांगा आणि मध्ये सखल वाट. ऱ्हाईनच्या खोऱ्यातून ऱ्होनच्या खोऱ्यात उतरायचं तर हीच वाट सोयीची. व्यापाऱ्याला आणि सैन्यालाही. त्या वाटेवर बेल्फोरचा किल्ला उभा आहे. १६४८च्या वेस्टफालियाच्या तहाने हा भाग फ्रान्सकडे आला आणि १६८७पासून वोबाँ या नामांकित दुर्गरचनाकाराने त्याची तटबंदी नव्याने उभारली. १७९०च्या वाटणीत बेल्फोर ओ-रें जिल्ह्यात गेलं. त्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण अल्सास प्रांतातलं कोल्मार.

१८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ३ नोव्हेंबरला बेल्फोरला वेढा पडला. किल्ल्याची सूत्रं होती कर्नल दाँफेर-रोशरो यांच्याकडे. ते लष्करी अभियंता होते. नुसतं तटाच्या आत बसून राहण्याऐवजी त्यांनी भोवतालची गावं आणि टेकड्या लढवल्या, शत्रूच्या तोफा शक्य तितक्या लांब ठेवल्या. हाताशी बहुतांश अर्धप्रशिक्षित राखीव शिपाई. २८ जानेवारी १८७१ला युद्धविराम झाला, पण पूर्वेकडची ही आघाडी त्यातून वगळलेली होती. पॅरिस शांत झालं, तरी बेल्फोरवर गोळे पडतच राहिले. अखेर सरकारचाच हुकूम आला आणि १८ फेब्रुवारीला शिबंदी हत्यारांसह, मानाने बाहेर पडली.

तहाच्या वाटाघाटींत या झुंजीचं मोल कळलं. अल्सास आणि लोरेनचा मोठा भाग जर्मनी घेणार, हे ठरल्यात जमा होतं. बेल्फोर मात्र सोडायचं नाही, यावर फ्रान्सच्या बाजूने वाटाघाट करणारे तिएर अडून बसले. जर्मन चान्सेलर बिस्मार्कने बदल्यात जर्मन सैन्याचं पॅरिसमध्ये संचलन मागून घेतलं. १० मे १८७१च्या फ्रँकफुर्टच्या तहात बेल्फोरभोवतीची आणखी जमीन फ्रान्सला मिळाली; तिची किंमत म्हणून लोरेनमधली, लक्झेंबर्गच्या सीमेलगतची गावं द्यावी लागली. राखलेल्या भागात बहुतेक गावं फ्रेंच वळणाची बोली बोलणारी होती. अशी १०६ गावं ओ-रेंमधून तुटून फ्रान्सकडे उरली.

एवढ्याशा तुकड्याचं काय करायचं? अल्सास आज ना उद्या परत येईल आणि हा भाग पुन्हा त्याला जोडता येईल, या आशेवर त्याला जिल्ह्याचा दर्जा दिलाच नाही. प्रीफेक्टचे, म्हणजे जिल्हाप्रमुखाचे, अधिकार असलेला एक प्रशासक नेमला आणि कारभार सुरू झाला. ही तात्पुरती सोय ५१ वर्षं टिकली.

त्या काळात बेल्फोर आमूलाग्र बदललं. जर्मन अंमल नको म्हणून अल्सासमधली माणसं इथे आली. त्यांच्यामागून कारखानेही आले. १८७९मध्ये मुलूझच्या ‘अल्सासियन यंत्रनिर्मिती कंपनी’ने इथे कारखाना उघडला आणि रेल्वे इंजिनं घडू लागली. १८७२मध्ये सुमारे आठ हजार वस्तीचं हे गाव पहिल्या महायुद्धापूर्वीच चाळीस हजारांच्या घरात पोहोचलं. त्याच कारखान्याच्या परंपरेतून पुढे १९२८मध्ये आल्स्तोम ही कंपनी उभी राहिली आणि टीजीव्ही या अतिवेगवान गाडीची इंजिनं बेल्फोरमध्ये तयार झाली.

वेढ्याचं स्मारक किल्ल्याखालच्या कड्यालाच टेकलेलं आहे. मूळचे कोल्मारचे शिल्पकार बार्तोल्दी, ज्यांनी न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता घडवली, त्यांनी तांबूस वालुकाश्माचे चिरे रचून इथे सिंह उभा केला : २२ मीटर लांब, ११ मीटर उंच. मागचं अंग जमिनीवर, पुढचे पाय ताठ, पंजाखाली बाण. हा सिंह विजयाची डरकाळी फोडत नाही. घायाळ होऊनही तो उठू पाहतो आहे. हरलेल्या लढाईचं इतकं खरं स्मारक क्वचितच कुठे असेल.

१९१८ला अल्सास परत आलं. आता बेल्फोरने मूळ जिल्ह्यात जावं, हे कागदावर रास्तच होतं. पण अर्ध्या शतकात इथल्या माणसांचं नातं या तुकड्याशी जडलं होतं. ११ मार्च १९२२ला तो स्वतंत्र जिल्हा झाला. वर्णानुक्रमाने दिलेले जिल्ह्यांचे क्रमांक ८९वर संपत होते. बेल्फोरला ९० मिळाला.

आज या जिल्ह्यात १०१ कम्यून, म्हणजे गावपातळीवरची कारभाराची एककं, आहेत. काही जेमतेम शेकड्यांत मोजावीत अशा वस्तीची, तरी प्रत्येकाला स्वतःची निवडून आलेली परिषद आणि महापौर. जन्ममृत्यूच्या नोंदी आणि विवाह त्याच्याच कचेरीत. २०१५च्या फेररचनेत कांतों, म्हणजे जिल्हा परिषदेचे मतदारसंघ, १५वरून ९ झाले. फ्रान्सभरच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कांतोंमधून एक स्त्री आणि एक पुरुष जोडीनेच उभे राहतात, जोडीनेच निवडून येतात. म्हणून इथल्या १८ सदस्यांत नऊ बायका आहेत. वृद्ध, अपंग आणि गरजूंना मदत, अकरा ते पंधरा वयाच्या मुलांच्या शाळांच्या इमारती, जिल्ह्याचे रस्ते, ही परिषदेची मुख्य कामं.

फ्रान्समध्ये जिल्हा हा स्तरच काढून टाकावा, अशी चर्चा वरचेवर होते. २०१४मध्ये तर पंतप्रधान वाल्स यांनीच जिल्हा परिषदा रद्द करण्याचा मनोदय संसदेत मांडला होता. खर्चाच्या हिशेबात बेल्फोरसारखा जिल्हा पहिल्यांदा नजरेत भरणार, हे उघड आहे. पण कारभाराचा आकार ठरवताना चौरस किलोमीटरइतकंच वजन लोकांनी एकत्र काढलेल्या वर्षांनाही द्यायला हवं. बेल्फोरची सीमा तहाच्या टेबलावर ठरली हे खरं. ती टिकवली इथल्या माणसांनी, आणि हा जिल्हा राखण्याला माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे.